मालती, माधवी की मधुमालती?



आपल्या बहुतेकींच्या घरी एखादी तरी वेल असतेच. कुणाच्या फाटकावर, कुणाच्या गॅलरीच्या गजांवर, काहीच नाही तर स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बाटलीत मनीप्लांट. आणि त्या वेलीचं नाव विचारलं की प्रत्येकीचं उत्तर वेगळं. माझ्या फाटकावर जी आहे तिला मी मधुमालती म्हणते, शेजारच्या गुजराती बेन बारमासी म्हणतात, कोपऱ्यावरचा नर्सरीवाला रंगून क्रीपर म्हणतो, आणि मंदिरात येणाऱ्या एक आजी तिला सरळ माधवी म्हणतात. वेल एकच, नावं चार. यात बिघडलं काय, असं वाटेल. फुलं तर चारही नावांनी तशीच फुलतात.

मलाही पूर्वी तेवढंच वाटायचं. आजचा लेख मात्र, नावामुळे काय बिघडू शकतं यावर आहे. विषय वनस्पतीशास्त्राचा वाटेल, पण घाबरू नका. मी १९८० सालची बी. कॉम. आहे, शास्त्र शाखेचा दरवाजासुद्धा पाहिलेला नाही. मला जेवढं समजलं तेवढंच सांगणार आहे.

आमच्या धाकट्या जाऊबाई इचलकरंजीला असतात. मागच्या वर्षी त्यांना स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. तिसऱ्या केमोनंतर त्यांचं तोंड इतकं आलं की भाताची पेजसुद्धा गिळवेना. जिनं एकेका चातुर्मासात किती उपवास केले त्याची मोजदाद नाही, ती बाई आता डॉक्टरांनी खा म्हणून सांगितलं तरी खाऊ शकत नव्हती. एका दुपारी तिचा फोन आला.

"अक्का, तुमच्या फाटकावरच्या वेलीची आठ-दहा कोवळी पानं पाठवा हो. दादा उद्या इकडे येणारच आहेत ना, त्यांच्याजवळ द्या."

"पानं कशाला गं?"

"मोबाइलवर आलंय. बाहुबली भगवंतांच्या अंगावर जी माधवी वेल चढली, तीच मधुमालती, तिलाच मालती म्हणतात. तिची पानं चावली की आलेलं तोंड दोन दिवसांत बरं होतं. भगवंतांच्या अंगाला लागलेली वेल आहे अक्का, गुण येणारच."

तिच्या आवाजात वेदना होती, आणि वेदनेपेक्षा जास्त आशा होती. अशा वेळी नाही म्हणणं फार जड जातं. पानं तोडायला दोन मिनिटं लागली नसती. पण केमो चाललेल्या माणसाच्या तोंडात आपल्या हातानं काही घालायचं, तर ते काय आहे हे तरी आपल्याला ठाऊक पाहिजे. मी म्हटलं, "अगं, दादा निघायला उद्या सकाळ आहे. तोवर ही वेल नक्की कुठली ते विचारून घेते."

आमच्या स्वाध्याय मंडळात वनस्पतीशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका आहेत. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो मजकूर वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, या चार ओळींत तीन वेगवेगळ्या वेली आहेत." आणि मग त्यांनी मला एकेक करून तिन्ही समजावून दिल्या. तेच तुम्हालाही सांगते.

पहिली मालती. संस्कृत ग्रंथांत मालती किंवा जाती म्हणतात ती सहसा आपली जाई. शास्त्रीय नाव जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम. पारिजातक याच कुळातला. जाईचं एक पान म्हणजे एका दांडीवर समोरासमोर लागलेल्या छोट्या पानांच्या जोड्या आणि टोकाला एक पान. फूल पांढरं, पाकळ्यांना मागून गुलाबी छटा. आयुर्वेदात तोंड आल्यावर चावायला सांगतात तो पाला हिचा. जखमेवर लावायचं जात्यादि तेलही हिच्या पानांवरूनच नाव मिळालेलं आहे.

दुसरी माधवी. हिला आपल्या मराठीत हळदवेल असंही नाव आहे. संस्कृतात अतिमुक्त हेही हिचंच नाव. शास्त्रीय नाव हिप्टेज बेंघालेन्सिस. ही मोठी, दांडगी, लाकडी खोडाची वेल. सह्याद्रीच्या जंगलात झाडांवर चढलेली असते. हिवाळा सरता सरता फुलते. फूल पांढरट गुलाबी, पाकळ्यांच्या कडा झालर लावल्यासारख्या कातरलेल्या, आणि पाचांतल्या एका पाकळीवर हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा डाग. वास फार गोड. पण हिची खरी ओळख फळात आहे. फळाला तीन पंख असतात. वाळलं की वाऱ्यावर भिंगरीसारखं गरगरत खाली येतं. हिप्टेज हे नावच उडणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवलेलं आहे.

तिसरी मधुमालती, म्हणजे माझ्या फाटकावरची. शास्त्रीय नाव कॉम्ब्रेटम इंडिकम. मालती हे शब्द नावात असले तरी जाईशी हिचं काही नातं नाही, आणि मधु आहे म्हणून माधवीशीही नाही. हिचं कूळ हिरडा, बेहडा आणि अर्जुन यांचं. लांब नळीच्या टोकाला पाच पाकळ्या, फुलांचे झुबके खाली लोंबणारे. संध्याकाळी कळी उमलते तेव्हा पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसतात ते यामुळे. रात्री पांढऱ्या फुलावर लांब सोंडेचे पतंग येतात, रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरं. हिच्या बिया चीनमध्ये जंतांवर औषध म्हणून वापरतात, पण प्रमाण जास्त झालं तर उचक्या आणि उलट्या सुरू होतात. तोंड आल्यावर पाला चावायचा जो सल्ला आहे त्याच्याशी मात्र या वेलीचा संबंध नाही.

म्हणजे बघा. औषधाचा गुण जाईचा, पुण्याई माधवीची, आणि पानं तोडायची होती मधुमालतीची. तीन खात्यांच्या रकमा एकाच पानावर मांडल्या होत्या.

प्राध्यापिकाबाईंनी आणखी एक गोष्ट बजावली. "जाई असली तरीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका." त्याच रात्री जाऊबाईंच्या मुलानं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, अशा वेळी कुठलाच कच्चा पाला तोंडात नको, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. मऊ ब्रश वापरा, कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेक वेळा गुळण्या करा, तिखट आणि गरम बंद करा, आणि मी लिहून दिलेलं औषध लावा. पाणी उकळून घ्या असंही ते म्हणाले. ते तर आपल्याकडे गाळून आणि उकळून असतंच. तेवढ्यावर जाऊबाईंना जरा बरं वाटलं, आपण पाळतो ते एक तरी डॉक्टरांच्या उपयोगी पडलं म्हणून.

पण दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं नीट सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे अक्का, भगवंतांची वेल आपल्याकडे नाहीच का?"

तिचं दुःख पानांचं नव्हतंच, हे मला तेव्हा समजलं. तोंड बरं करायला औषध होतं. तिला काहीतरी असं हवं होतं, जे त्या वर्षभर न हलता उभ्या राहिलेल्या देहाला लागलेलं आहे. तीही एका जागी पडून होती ना. खाटेवर, हाताला सलाईन.

मैत्रिणींनो, बाहुबलींची कथा आपल्याला पाठ आहे. भरताशी दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध झालं, तिन्ही जिंकले, आणि जिंकल्या क्षणीच सगळं सोडून निघाले. एक वर्ष प्रतिमायोगात उभे. पायांशी वारुळं वाढली, सापांनी घर केलं, वेली मांड्यांवरून दंडांपर्यंत चढल्या. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात विद्याधरी येऊन त्या वेली सोडवतात असा प्रसंग आहे. वेरूळच्या जैन लेण्यांतही वेलींनी वेढलेले बाहुबली आहेत. आपल्या जवळ कुंभोजला संगमरवरी मूर्ती आहे, तिथेही वेल आहे. ही वेल नसती तर मूर्ती पाहून आपल्याला कळलंच नसतं की हे बाहुबली, कारण तीर्थंकरांसारखं लांछन त्यांना नाही. त्यांची ओळख वेलच.

२०१८ च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो. साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या चढून वर गेल्यावर माझे गुडघे बोलत होते, पण ५७ फुटांची ती मूर्ती समोर आली आणि गुडघ्यांचा विसर पडला. सगळ्यांची नजर वर मुखाकडे जाते. गर्दीत मी बराच वेळ खाली, पायांशी अडकले होते, त्यामुळे मला वेल नीट बघायला मिळाली. दगडाची आहे पण दगडाची वाटत नाही, जोडीजोडीनं पानं काढत ती वर गेली आहे. तिथेच पायाशी मराठी अक्षरं कोरलेली आहेत, चामुंडरायांनी ही मूर्ती करवली असं सांगणारी. मराठीतल्या जुन्या शिलालेखांपैकी तो एक. कर्नाटकातल्या डोंगरावर, माधवीच्या मुळाशी आपली भाषा बघून मला कसं वाटलं असेल ते तुम्ही समजू शकाल.

ही मूर्ती इ. स. ९८१ च्या सुमाराची. चामुंडराय हे गंग राजांचे मंत्री. त्यांचेच आदरणीय आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती, ज्यांनी गोम्मटसार लिहिलं. आता गंमत बघा. त्याच काळात, त्याच परिसरात दगडावर वेल कोरली गेली आणि ग्रंथात वनस्पतींचं वर्गीकरण लिहिलं गेलं. गोम्मटसाराच्या जीवकांडात, अनंत निगोद जीवांचा आश्रय असलेली वनस्पती कशी ओळखावी त्याच्या खुणा दिल्या आहेत. शिरा आणि सांधे वरून दिसत नाहीत, मोडली तर सरळ समान तुकडा पडतो, छाटली तरी पुन्हा उगवते, अशा. स्वाध्यायात हे आपण वाचतो ते बटाटा, रताळं, आलं यांच्या संदर्भात. पण मला यावेळी त्यातली पद्धत दिसली. आचार्यांनी नुसती नावांची यादी देऊन विषय संपवला नाही. लक्षणं दिली. कारण नाव गावागणिक बदलतं, लक्षण बदलत नाही. कन्नड मुलखातली श्राविका असो नाहीतर सांगलीची, तिनं वस्तू हातात घ्यावी, शिरा बघाव्यात, मोडून बघावी आणि ठरवावं. वनस्पतीशास्त्रवालेसुद्धा हेच करतात. पान कसं, फूल कसं, फळ कसं, यावरून कूळ ठरवतात आणि मग नाव देतात.

आणि नावाबद्दल म्हणाल तर तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात चार निक्षेप आहेत. नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. स्वाध्यायात मुलींना समजावताना आम्ही नेहमी राजाचं उदाहरण देतो. एखाद्या गरिबाच्या मुलाचं नाव राजा ठेवलं, तो नाम निक्षेप. चित्रातला किंवा मूर्तीतला राजा, तो स्थापना निक्षेप. पुढे गादीवर बसणार असलेला राजपुत्र, तो द्रव्य निक्षेप. आणि आज गादीवर बसून राज्य करतो तो भाव निक्षेप.

मी जाऊबाईंना फोनवर तेच सांगितलं. "अगं, मंदिरातल्या आजी माझ्या फाटकावरच्या वेलीला माधवी म्हणतात, ती नामानं माधवी. बेळगोळच्या मूर्तीवर आहे ती स्थापना माधवी. बी रुजायला टाकलं तर ते द्रव्य माधवी. आणि सह्याद्रीत आज फुलली असेल ती भाव माधवी. चौघींना माधवीच म्हणतो आपण, पण एकीचं काम दुसरी करत नाही. नावाच्या राजाकडे न्याय मागायला कुणी जातं का?"

ती हसली. तोंड आलेलं असल्यामुळे तिला हसताना दुखलं, ते मला इकडे ऐकू आलं.

मग प्राध्यापिकाबाईंनी एक काम केलं. त्यांच्या जुन्या कॉलेजच्या बागेत माधवीची वेल आहे. तिच्याखाली पडलेली तीन वाळकी फळं त्यांनी मला आणून दिली. तोडलेली नाहीत, गळून पडलेली. मी ती एका छोट्या डबीत घालून ह्यांच्याबरोबर इचलकरंजीला पाठवली. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन. "अक्का, याला तीन पंख आहेत. सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र." मला हे सुचलं नव्हतं. तिला खाटेवर पडल्या पडल्या सुचलं. पुढच्या केमोला ती डबी तिच्या पिशवीत होती. चावायची नाही, लावायची नाही, नुसती जवळ असायची. तोंड गुळण्यांनी आणि औषधानं आठ-दहा दिवसांत बरं झालं. आता तिच्या सगळ्या केमो संपल्या आहेत, तपासण्या सुरू आहेत. तुम्हीही तिच्यासाठी एक णमोकाराची माळ करा.

आता थोडं शास्त्रीय नाव कसं वाचायचं ते. मला हे फार सोपं गेलं, कारण हे अगदी खतावणीसारखं आहे. रोजच्या बोलण्यात आपण पार्टीला काहीही म्हणतो, पाटील, बंडू, पाटलांचा बंडू. पण खतावणीत एका पार्टीचं एकच खातं लागतं. दोन नावांनी दोन खाती उघडली तर ताळा जुळत नाही, आणि दोन पार्ट्या एका खात्यात गेल्या तर विचारूच नका.

वनस्पतींची ही खतावणी स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी १७५३ साली घालून दिली. प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव. पहिला शब्द प्रजातीचा, आपल्या आडनावासारखा. दुसरा त्या जातीचा, पाळण्यातल्या नावासारखा. इंग्रजी लिपीत लिहिताना पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा शब्द पूर्ण लहान अक्षरांत, आणि दोन्ही तिरप्या ठशात. दुसऱ्या शब्दात पुष्कळदा गावाची नाहीतर रूपाची खूण असते. बेंघालेन्सिस म्हणजे बंगालची. आपल्या वडाच्या नावातही हाच शब्द आहे, फायकस बेंघालेन्सिस. इंडिकम म्हणजे भारताची. ग्रँडिफ्लोरम म्हणजे मोठ्या फुलांची. दोन शब्दांच्या मागे कधी एखादं आडनाव किंवा एकटं अक्षर असतं, ते नाव देणाऱ्याचं. कुणी वर्गवारी बदलली तर जुन्याचं नाव कंसात जातं आणि नव्याचं बाहेर येतं. आपल्याकडे व्हाउचरवर सही असते ना, तसंच. कुणी केलं, कुणी दुरुस्त केलं, सगळं दिसतं.

हो, दुरुस्ती होते. मधुमालतीला पूर्वी क्विस्क्वालिस इंडिका म्हणायचे. जुन्या पुस्तकांत आणि पुष्कळ नर्सऱ्यांच्या पाट्यांवर अजून तेच सापडेल. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आहे, कोण? कसली? रंग बदलणाऱ्या वेलीला शोभेलसा. पुढे अभ्यासकांना दिसलं की ही खरी कॉम्ब्रेटम गटातली, म्हणून खातं तिकडे वर्ग केलं. पण जुनं नाव पुसलं नाही, समानार्थी म्हणून नोंदवून ठेवलं. माधवीचंही एक जुनं शास्त्रीय नाव आहे, हिप्टेज मदाब्लोटा. हा मदाब्लोटा म्हणजे कोण, ओळखलंत का? बंगाली उच्चारातली माधबीलता! १७९० साली युरोपात बसून गेर्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं हे नाव छापलं, पण आत बसली आपलीच माधवीलता. मला हे वाचून फार बरं वाटलं. शास्त्रीय नाव म्हणजे परक्याचं नाव, असं मनात असतं आपल्या. तसं नेहमीच नसतं.

घरात या नावाचा उपयोग कुठे करायचा, तेवढं सांगते आणि थांबते.

नर्सरीत जाताना मराठी नावाबरोबर शास्त्रीय नाव मोबाइलमध्ये लिहून न्या. माधवी म्हणून मागितली तर दहांतले निदान सात जण मधुमालती काढून देतील. माधवी घरच्या कुंडीची वेल नाही. तिला मोठं अंगण आणि भक्कम मांडव लागतो. मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर बाहेरून नेऊन लावलेली ही वेल जंगलात इतकी माजली आहे की तिथल्या मूळ झाडांना गुदमरवते आहे. आपल्याकडे पूज्य, तिकडे उपद्रवी. जागा बदलली की गुणाचा दोष होतो, हे माणसांनाही लागू आहे. फाटकासाठी आणि गॅलरीसाठी मधुमालती चांगली. ऊन भरपूर द्या, थंडीत छाटा, म्हणजे उन्हाळ्यापासून पावसाळाभर फुलेल.

छाटण्याआधी आत हात घालून नाही, नजर घालून बघा. माझ्या वेलीत दोनदा बुलबुलाचं घरटं निघालं आहे. पिल्लं उडून जाईपर्यंत कात्री कपाटात. वेल हा एकेंद्रिय जीव. तिला फक्त स्पर्श कळतो, आणि त्या एका इंद्रियावर ती आधार शोधत फाटकाच्या टोकापर्यंत जाते. गरजेपुरतंच छाटावं. पूजेला फुलं वाहायची की केशरी तांदूळ, ते तुमच्या मंदिराच्या आम्नायाप्रमाणे करा, त्यावर इथे वाद नको. माझ्या वेलीची फुलं मी तोडत नाही. खाली सडा पडतो तोच झाडताना डोळे भरून बघते.

मनीप्लांटबद्दल एक धोक्याची सूचना. त्याचं आजचं शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम, यापूर्वी त्याचीही बरीच खाती बदलून झाली आहेत. पानं नागवेलीच्या पानांसारखी दिसतात, म्हणून लहान मुलं तोंडात घालतात. चावल्यावर तोंडाची आग होते आणि सूज येते, कारण आत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. नातवंडं असलेल्या घरात बाटली उंचावर ठेवा.

औषध म्हणून कुठलाही पाला, कुठलीही वेल कुणी सुचवली, तर तीन प्रश्न विचारा. शास्त्रीय नाव काय? कुठला भाग, पान, बी की साल? आणि ज्याला द्यायचं त्याच्या डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारलं का? करोनाच्या काळात गुळवेलीचं असंच झालं होतं. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक टिनोस्पोरा आहे, तिची गल्लत करू नका, असं आयुष मंत्रालयाला सांगावं लागलं. गुळवेल घेतल्यावर यकृताला त्रास झाल्याच्या तक्रारी मुंबईतल्या डॉक्टरांनीही मांडल्या होत्या. मंगल नावानं आलेला प्रत्येक सल्ला मंगलच असतो असं नाही. भगवंतांचं नाव लावलेला तर दोनदा तपासावा, कारण त्या नावापुढे आपण प्रश्न विचारायचं विसरतो. न तपासता पुढे पाठवणं हेसुद्धा एक प्रकारचं असत्यच, आणि त्यातून कुणाला त्रास झाला तर हिंसाही.

मी आता घरातल्या प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमच्या लाकडी काडीवर नाव लिहून खोचलं आहे. वर मराठी, खाली शास्त्रीय. तुमच्या गॅलरीत कुठली वेल आहे, तिला तुमच्या माहेरी काय म्हणायचे आणि सासरी काय म्हणतात, ते मला जरूर कळवा. सगळी नावं एका वहीत उतरवून ठेवायचा विचार आहे. पाना-फुलांच्या खुणांसकट.

जय जिनेंद्र.